वालीवला चालणारी मोटर

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला, वसईत माझ्या वडिलांच्या वाडीतल्या विहिरीवरची मोटर चालता चालता बंद पडली. जळल्याचा वास आला नाही, धूर निघाला नाही. थोड्या वेळाने बटण दाबल्यावर ती पुन्हा सुरू झाली, केळीच्या दोन रांगा भिजेपर्यंत चालली आणि पुन्हा थांबली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं.

त्याआधी काही दिवसांपूर्वीच त्या घरात माझ्या भाचीचं लग्न झालं होतं. मांडवाचे बांबू अजून कुंपणाला टेकून ठेवलेले होते.

वाडीत केळी, सोनचाफा आणि थोडी भाजी आहे. मे महिन्यात एक दिवसाआड पाणी लागतं. मोटर बंद पडल्यावर वडील तिच्यासमोर उकिडवे बसायचे, ती गार व्हायची वाट बघायचे आणि पुन्हा चालू करायचे. अशा रीतीने सकाळचं काम दुपारपर्यंत चालायचं. ते पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. शनिवारी माझ्या भावाने त्यांना उन्हात तसं बसलेलं पाहिलं आणि मला फोन करून बोलावून घेतलं.

भाऊ वडिलांबरोबर राहतो आणि मुंबईत नोकरी करतो. त्याचं म्हणणं जुनंच होतं. विहीर सोडून द्यायची, वाडीत बोअर मारायचा, त्यात पाण्यातली मोटर सोडायची. बटण दाबलं की झालं. उकिडवं बसायला नको.

वडिलांचं म्हणणंही जुनंच होतं. शेजारच्या वाडीत बोअर मारला तेव्हा सुरुवातीला पाणी चांगलं होतं. मग मचूळ झालं, मग खारं. त्यांची चाफ्याची झाडं वाळली. बोअरमुळेच पाणी खारं झालं का, याची तपासणी कोणी केलेली नाही. वडिलांना तिची गरजही वाटत नव्हती.

“ईर गोडी हाय तवर वाडी हाय,” ते म्हणाले. विहिरीला ते ईर म्हणतात. “एकदा खारं पानी वर आलं की ते खाली जात नाय.”

“पप्पा, मोटरच चालत नाही तर गोड पाण्याचं करायचं काय?” भावाने विचारलं.

“पोहायचं,” वडील म्हणाले.

बराच वेळ असं चालल्यावर भावाने एक तोड काढली. मोटर उतरवून तपासायला न्यायची. दुरुस्त होते असं सांगितलं तर दुरुस्त करून पुन्हा विहिरीवर बसवायची. टाकून द्या म्हणाले तर विहिरीसाठी नवी मोटर घ्यायची नाही. नवीनच घ्यायची तर बोअरची. दोघांनी ते मान्य केलं. मात्र त्याच दुपारी भावाने बोअरवाल्यालाही बोलावलं. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाने पाण्याची जागा शोधायला तळहातावर नारळ आडवा ठेवून वाडीत फेरी मारली. चाफ्याच्या ओळीपाशी नारळ उभा राहिला, असं सांगण्यात आलं. तिथे एक खुंटी ठोकून तिला लाल फडकं बांधलं. बोअरवाला म्हणाला, तुमचं ठरलं की कळवा, पावसाच्या आधी उरकून टाकू.

मी गोखिवऱ्याला राहते. वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यापासून माझ्याकडे वेळ आहे असं घरात धरून चालतात. मोटर तपासणारी दुकानं वालीवला आहेत, माझ्या घरापासून रिक्षाने जवळ. त्यामुळे काम माझ्याकडे आलं. सोमवारी भावाने टेम्पो करून दिला. मागे मोटर होती, पुढे ड्रायव्हरशेजारी वडील. त्यांनी येऊ नये असं आम्ही दोघांनी सांगितलं होतं.

वालीवचं ते दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड. कारखान्यांतून, सोसायट्यांतून, वाड्यांतून आलेल्या मोटरी जमिनीवर ओळीने मांडलेल्या होत्या. मालक पन्नाशीचा, मूळचा साताऱ्याकडचा. प्रत्येक मोटरीवर तो खडूने खूण करायचा. आडवी रेघ म्हणजे दुरुस्त करायची. फुली म्हणजे भंगार. खूण नाही म्हणजे अजून ठरलेलं नाही.

वडिलांनी फुली मारलेल्या मोटरींकडे बोट केलं. “ह्या सगळ्या गेल्या?”

“गेल्या, काका.”

“आमच्यात ही खून केली की मानूस वाचतो.”

आम्ही ख्रिस्ती, फुली म्हणजे आमचा क्रूस, हे मालकाला समजायला एक क्षण लागला. मग त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मी हसतेय हे बघून तोही हसला.

तपासणी वडिलांच्या समोर झाली. आधी मोटरीचा दांडा हाताने फिरवून पाहिला. तो अडकत नव्हता आणि डुगडुगतही नव्हता. मग मेगर नावाचं यंत्र लावलं. तारांतली वीज मोटरीच्या लोखंडी अंगात उतरते आहे का, हे त्यावर कळतं. उतरत नव्हती. आतल्या तारांचे तीन संच असतात; ते तिन्ही मोजले, तिन्ही सारखे निघाले. शेवटी मोटर जमिनीवरच चालू केली आणि चिमट्यासारखं मीटर एकेका वायरीभोवती धरून ती किती करंट ओढते ते पाहिलं. मोटरीच्या पाटीवर जो आकडा कोरलेला असतो त्याच्या बराच खाली मीटरचा काटा राहिला. मोटर बराच वेळ चालू ठेवली. वडिलांनी तिच्या अंगावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.

“काही झालेलं नाहीये हिला,” मालक म्हणाला. “घेऊन जा.”

“दुरुस्ती?” मी विचारलं.

“कशाची करू?”

त्याने मोटरीवर रेघही मारली नाही आणि फुलीही नाही. आमच्या घरी जे ठरलं होतं त्यात या उत्तराची सोय नव्हती.

मोटर परत बसवली. ती सुरू झाली, चालली, आणि केळीची दुसरी रांग भिजायच्या आत थांबली.

संध्याकाळी भाऊ फोनवर म्हणाला, “ठीक आहे म्हणजे काय ताई? तिथे ठीक आहे. वाडी काय वालीवला न्यायची?”

पुढची शंका विजेवर आली. लग्नात मांडववाल्याने रोषणाईसाठी आणि बँडसाठी आमच्याच मीटरवरून वायरी ओढल्या होत्या. गावातल्या वायरमनने ते ऐकलं आणि त्याला कारण मिळालं. “मांडववाले कुठेही हात घालतात. एखादा फेज ढिला केला असणार.” त्याने मीटरपासून विहिरीपर्यंत सगळे जोड उघडले, घासले, पुन्हा बांधले. तिन्ही फेज नीट येत होते. मग त्याने मोटरीच्या स्टार्टरमधला रिले बदलला. मोटर जास्त करंट ओढायला लागली की ती जळू नये म्हणून हा रिले तापतो आणि वीज तोडतो. जुना रिले म्हातारा झाला असेल, उगाच तोडत असेल, असं त्याला वाटलं. नव्या रिलेनेही तोडली.

वायरमन बराच वेळ स्टार्टरच्या पेटीत बघत राहिला. मग म्हणाला, “मोटर बदला.”

“वालीववाला म्हनतो चांगली हाय,” वडील म्हणाले.

“मग वालीववाल्याला बदला.”

वालीवच्या दुसऱ्या खेपेला मोटर पूर्ण उघडली. पाणी फेकणारा पंखा स्वच्छ होता, कुठे घासल्याची खूण नव्हती. मालकाने बेअरिंग बदलले. ते खराब झाले होते म्हणून नव्हे. मोटर उघडलीच आहे तर बदलून टाकू, असं तो म्हणाला. पुन्हा चालवली, पुन्हा काटा खालीच. त्याने खडू हातात घेतला आणि परत खिशात ठेवला.

मी त्याला सरळ विचारलं, ही मोटर ठेवायची की टाकायची. आमच्या घरी त्यावर काय अवलंबून आहे तेही सांगितलं. वडील शेडच्या बाहेर सावलीत बसले होते.

“मॅडम, मी रोज हेच ठरवतो,” तो म्हणाला. “वाइंडिंग जळलं असेल तर भरतो. आतले पत्रे जळले असतील तर फुली. एकदा भरलेली परत जळून आली तर सांगतो, आता नवी घ्या. हिच्यात यातलं काहीच नाही. माझ्याकडे चालते. तुमच्याकडे का चालत नाही, मला नाही माहीत.”

शेवटी त्याने एक उपाय सुचवला. त्याच ताकदीची एक नवीकोरी मोटर तो दोन दिवसांसाठी देणार होता. ती विहिरीवर लावून बघायची. ती चालली तर जुनीत काहीतरी असं आहे जे त्याच्या यंत्रांना दिसत नाही. मग तो डोळे मिटून फुली मारेल. म्हणजे नवी मोटर चालली की विहीर जाणार होती. परतीच्या वाटेवर वडिलांनी हे मला दोनदा विचारून घेतलं. नवी चालली तर आपण हरलो, असंच ना? मी म्हटलं, असंच.

शनिवारी नवी मोटर लावली. भाऊ घरी होता. वडील विहिरीपाशी न येता अंगणात बसून राहिले.

नवी मोटरही थांबली. जुनी जितका वेळ चालायची साधारण तितकाच वेळ चालून.

विहिरीच्या कट्ट्यावर आम्ही दोघं होतो, मी आणि भाऊ. कोणाच्या बाजूचा निकाल लागला हे दोघांनाही कळेना. मोटर निर्दोष ठरली होती, म्हणून वडील जिंकले असं म्हणता येत होतं. पण पाणी आलं नव्हतंच.

वडील अंगणातून ओरडले, “थांबली काय?”

“थांबली!”

“नवी?”

“नवी!”

ते उठून आले. मोटरीला हात लावून पाहिला. ती तापलेली होती. “चांगली हाय की,” ते म्हणाले. कोणती चांगली, नवी की जुनी, ते त्यांनी सांगितलं नाही.

भाऊ म्हणाला, “वायर चांगली, रिले नवा, जुनी मोटर चांगली, नवी मोटर चांगली. मग उरली ती विहीर. आता तिला कुठे तपासायला नेऊ सांगा. पप्पा, मी सोमवारी बोअरवाल्याला फोन करतो.”

वडील खुंटीच्या दिशेने गेले, तिच्या अलीकडेच थांबले आणि चाफ्याची खाली पडलेली पानं गोळा करू लागले.

मी वालीवला फोन केला. नवी मोटरही थांबली असं मालकाला सांगितलं. तो म्हणाला, “उद्या रविवार आहे. मी येतो. मला बघायचंय.”

रविवारी देवळातून, म्हणजे चर्चमधून, मिस्सेची प्रार्थना आटोपून आम्ही परतलो तेव्हा तो कुंपणापाशी स्कूटर लावून उभा होता. त्याने जुनीच मोटर पुन्हा बसवायला लावली. पंपातून निघणारा लवचीक प्लास्टिकचा जाड नळ जमिनीवरून केळीच्या पाटापर्यंत गेला होता. पाणी त्यातून थेट पाटात पडायचं. मोटर सुरू झाली. मालकाने चिमट्याचं मीटर वायरीभोवती धरलं आणि भुवया वर केल्या.

“इथे जास्त ओढतेय. पाटीवरच्या आकड्याच्या वर.”

“का?” भावाने विचारलं.

“तेच तर.”

तिन्ही वायरींवर तसंच होतं. म्हणजे रिले उगाच तोडत नव्हता. तो मीटर धरून बसून राहिला. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत होतो. वडिलांना मात्र रांगांची काळजी होती. मोटर चालू आहे तोवर जेवढं भिजेल तेवढं भिजवून घ्यावं, म्हणून ते पाटाकडे गेले. पहिली रांग भरली की नळ उचलून दुसरीत टाकायचा. त्याआधी तो पायाखाली दाबून धरायचा, म्हणजे उचलताना पाणी अंगावर उडत नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात. वडिलांनी नळावर पाय दिला.

“अरे,” मालक म्हणाला.

आकडा खाली आला होता.

वडिलांनी नळ हलवला आणि पाय काढला. आकडा वर गेला.

“काका! आत्ता काय केलंत?”

“काय नाय. पाय दिला.”

“परत द्या.”

वडिलांनी पाय दिला. आकडा उतरला.

“काढा.”

काढला. चढला.

“द्या.”

“मी काय फुगडी घालतोय काय?” वडील म्हणाले, पण पाय दिला.

बराच वेळ हे चाललं. शेजारच्या वाडीतले दोघं कुंपणावरून बघत होते. मालकाचा चेहरा मला अजून आठवतो. इतक्या मोटरी तपासलेला तो माणूस आमच्याइतकाच गोंधळलेला होता. “असं नसतं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “पाणी अडवलं की मोटरला जोर लागायला पाहिजे. हिला आराम पडतोय.”

भावाने विचारलं, “म्हणजे मीटर बिघडलंय?”

“मीटर परवाच घेतलंय.”

त्याने तिथूनच कोणाला तरी फोन लावला. पंपाच्या कारखान्यात नोकरी केलेला त्याच्या जुन्या ओळखीचा माणूस होता, असं त्याने नंतर सांगितलं. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. हो. नाही. थेट पाटात. नाही, चढ नाही. काहीच नाही, सपाट. मग तो बराच वेळ ऐकत राहिला. फोन ठेवून त्याने वडिलांना विचारलं, “हा पाइप पहिल्यापासून असाच जमिनीवरून आहे?”

वडील म्हणाले, “नाय. टाकीत जायचा.”

टाकी तिथेच होती, आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर. वडिलांनी मी शाळेत असताना बांधलेली, चार खांबांवरची सिमेंटची टाकी. विहिरीचं पाणी मोटरीने वर टाकीत चढायचं आणि तिथून आपोआप वाडीत उतरायचं. विहिरीपासून टाकीकडे जाणारा लोखंडी नळ घराच्या वाटेवरून, माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून आडवा गेलेला होता. आम्ही लहानपणापासून त्याच्याखालून मान वाकवून जायचो.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी काढतात आणि डोक्यावर घेऊन घरी येतात. त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पुढे बँड असतो, वर मांडव असतो. डोक्यावर भरलेला कलश घेऊन त्या आडव्या नळाखालून वाकता येत नाही. म्हणून लग्नाआधी भावाने नळकामवाला बोलावून तो आडवा तुकडा काढून घेतला होता आणि तात्पुरता प्लास्टिकचा नळ जोडला होता. लग्न झालं. वाट मोकळी झाली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. पाणी थेट पाटात पडू लागलं. मोटरीलाही बरं, आता तिला चढवायला नको, असं वडील स्वतःच म्हणाले होते. मी तिथे होते. मलाही ते बरोबर वाटलं होतं.

मालकाने फोनवर जे ऐकलं ते आम्हाला सांगितलं. हा पंप उंच पाणी चढवण्यासाठी बनवलेला आहे. समोर उंची असली की तो बेताने पाणी फेकतो. उंची काढून घेतली की त्याला आवर राहत नाही. तो खूप जास्त पाणी फेकायला लागतो आणि तेवढं पाणी फेकायला मोटरीला जास्त ओढावं लागतं. काकांनी पाय दिला म्हणजे अडथळा आला, फेकणं कमी झालं, ओढणं कमी झालं.

“पटलं का?” भावाने विचारलं.

“तो म्हणाला ते सांगितलं,” मालक म्हणाला. “मी जन्मभर मोटर पाण्याविना चालवून बघत आलोय. मला कुठून दिसणार?”

मी त्याच्याकडून ते पुन्हा समजून घेतलं, आणि नंतर एकदा फोनवरही. सांगताना सोपं वाटतं. दुसऱ्या कोणाला सांगायला गेले की चढ काढल्यावर काम कसं वाढेल, या प्रश्नापाशी माझं बोलणं अडतं.

लोखंडी तुकडा गोठ्याच्या मागे पडलेला होता. त्याच दुपारी नळकामवाल्याला बोलावून तो जागेवर बसवला. भाऊ वाटेत उभा राहून बघत होता. त्याच्या अंगातला मिस्सेचा पांढरा सदरा अजून तसाच होता.

“म्हणजे सगळं ह्याच्यामुळे,” तो म्हणाला. नळामुळे की स्वतःमुळे, ते त्याने स्पष्ट केलं नाही.

वडील म्हणाले, “पोरीच्या लग्नामुळं. चांगलंच झालं लग्न.”

मोटर सुरू केली. मालकाने मीटर धरलं. त्यावरचा आकडा पाटीवरच्या आकड्याच्या खाली राहिला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. वडिलांनी या वेळीही मोटरीवर हात ठेवला. मालक जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, खडू आणलाय काय?

त्याने खिशातून खडू काढला. मग म्हणाला, “रेघ मारायची तर दुरुस्ती कुठे केलीय मी?” आणि काहीच खूण न करता नवी मोटर रिक्षात घालून पुढे पाठवली आणि मागून स्कूटरवर गेला.

भाऊ त्या दिवशी बोअरबद्दल काही बोलला नाही. वडिलांनीही विषय काढला नाही. सोमवारी बोअरवाल्याला फोन केला का, हे मी विचारलं नाही. ज्याने त्याने आपणहून सांगायची ती गोष्ट होती.

त्या रविवारी टाकी भरून वरून वाहायला लागल्यावर वडिलांनी मोटर बंद केली. मधे ती एकदाही थांबली नाही. आठवडाभर मी रोज फोन करत होते. ती चालत होती.

पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मी वाडीवर गेले. घराच्या वाटेवर मान वाकवून नळाखालून पलीकडे गेले. केळी भिजलेली होती. चाफ्याच्या ओळीपाशी, लाल फडक्याची खुंटी जिथे होती, तिथे ती नव्हती, आणि बोअरही नव्हता.